गल्लीत कोणीच शिवत नाही

त्या गल्लीत सगळे धंदे दाराआड. एकाकडे चपला चिकटवायचे, एकाकडे मिक्सर दुरुस्त व्हायचे, तोंडाशी आजोबा सायकली ठोकायचे आणि शेवटच्या घरात काकू शिवायच्या. पाटी मात्र एकाही दाराला नाही. पाटी लावली की कचेरीतला साहेब येणार, मग हा कागद आण, तो कागद आण, टेबलं फिर, तोवर हातातलं काम बोंबललं. काकूंचा परदेशातला दीर सांगायचा, तिकडेही कितीतरी लोक असंच पोट भरतात, दारं तेवढी गुळगुळीत असतात.

अनोळखी कोणी दिसलं की आजोबा खोकायचे. लगेच काकू मशीनवर चादर टाकून वर फुलदाणी ठेवायच्या.

त्या दिवशी आजोबा खोकले. एक बाई विचारत फिरत होती, इथं शिवणारं कोणी आहे का. चपलावाला नाही म्हणाला. मिक्सरवाल्यानं तर गल्लीत कुणाला सुईत दोरा ओवता येत नाही, असं छातीठोक सांगितलं. बाई गेली. मग आजोबा मिशीत हसत काकूंकडे आले.

"दवाखान्यातली होती. वर्षभराचं शिवणकाम द्यायचंय म्हणे. पिटाळली बघ."

लग्नसराई सरली की काकूंचं मशीन महिनोन्‌महिने गप्प. कायमच्या कामासाठी जीव तुटत होता, आणि ते दारातून परत गेलं होतं.

गळ्यात टेप तशीच, काकू पळत सुटल्या. बसथांब्यावर बाईंना गाठलं. बाईंनी टेपकडे बघितलं आणि हसल्याच. काकूंच्या ब्लाउजची शिवण उलटून पाहिली, म्हणाल्या काम देते, तोवर थांबतेही, पण आधी धंद्याची नोंदणी करा.

घरी नवरा कुरकुरला. "साहेबाला कळेल ना तू शिवतेस ते."

"कळू दे. आज गिऱ्हाइकालाही कळत नाहीये."

कचेरीत हेलपाटे झाले, पण धास्ती घेतली होती त्याच्या निम्मेही नाहीत. एका टेबलावर तर बसायला खुर्ची दिली. काम मिळालं. काकूंनी गल्लीच्या तोंडाशी, आजोबांच्या भिंतीवर बाण काढलेली पाटी लावली.

दुसऱ्याच दिवशी नवं गिऱ्हाईक आलं. आजोबा सवयीनं खोकले आणि इथं कोणीच शिवत नाही म्हणाले.

"आजोबा, पाटी तुमच्या डोक्यावरच आहे," काकू लांबून ओरडल्या.

आजोबांनी वर बघितलं. गिऱ्हाइकाला बाणाकडे पिटाळलं. संध्याकाळी काकूंना हळूच विचारलं, हा पाटी रंगवणारा सायकलचं चित्र काढतो का.