पेटीवरचे नाव

मी एक जुना चहाचा वाडगा आहे, असे माझ्या लाकडी पेटीवर लिहिले आहे. मित्रांनो, ते अक्षर खरे आहे, पण ती पेटी माझी नाही. मी जेमतेम बावीस वर्षांचा आहे.

जपानातल्या कारात्सू गावच्या तोमेकिची कुंभारांनी मला घडवले. त्यांच्या दिवंगत मित्राची पत्नी शिगेबाई चहाविधी शिकवत. नवऱ्याचा चारशे वर्षांचा वाडगा शिष्यांच्या हाती द्यायला त्यांचा जीव धजेना, म्हणून त्यांनी हुबेहूब दुसरा करून मागितला. अशी नक्कल करणे आमच्याकडे विद्या मानतात. तोमेकिचींनी माझ्या बुडाच्या कड्यात आपला शिक्का मात्र ठसठशीत उमटवला. आपण कोण, हे याने विसरता कामा नये, असे ते म्हणाले. मी शिकवणीच्या फळीवर राहिलो, अनेक हातांत फिरलो आणि सुखी होतो.

पुढे शिगेबाईंची नजर गेली. मूलबाळ नव्हते. मन घट्ट करून त्यांनी जुना वाडगा ओरिता नावाच्या संग्राहकांना द्यायचे ठरवले आणि ते काम पुतण्यावर, शुन्पेईवर सोपवले. तो जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. त्याची नियत फिरली. त्याने माझा शिक्का घासून काढला, मला चहाच्या उकळत्या काढ्यात बुडवले, पॉलिश पेपरने माझ्यावर ओरखडे ओढले. फार यातना झाल्या. मग मला खऱ्याच्या पेटीत घालून त्याने ओरितांना दिले. खरा वाडगा त्याने माझ्या जागी फळीवर ठेवला, सवडीने गुपचूप उचलायचा म्हणून. त्याआधीच तो तापाने गेला.

जुन्या वाडग्याची साक्ष म्हणून पेटीवर एका थोर चहागुरूंची सही होती; ओरितांनी तिच्यापुढे मान लववली. मला उलटे करून कुणी पाहिलेच नाही. आमच्याकडे जाणती माणसेही पेटी वाचतात आणि वाडग्यावर विश्वास ठेवतात.

गेल्या शरदात तोमेकिची शिगेबाईंना घेऊन ओरितांकडे आले, जुना वाडगा समजून मला भेटायला. त्यांनी मला उचलले. सवयीने अंगठा बुडाशी, घासलेल्या शिक्क्याच्या जागी गेला आणि थबकला. तेवढ्यात शिगेबाई म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका हं. तुमची नक्कल परवा माझ्या हातून फुटली. अलीकडे हातात इतकी छान बसायची, की खाली ठेववत नसे."

"तुकडे कुठं आहेत, वहिनी?"

"टाकले की. खरा असता तर लाखेनं सांधून सोनं चढवलं असतं. नकलेला कोण सांधत बसतंय?"

तोमेकिचींनी अंगठा पुन्हा त्या जागेवरून फिरवला. मला वाटले, आता हे माझे नाव घेणार. ओरितांनी हसत त्यांचे मत विचारले.

"पेटी अस्सल आहे," तोमेकिची म्हणाले.

शिगेबाईंनी मला चाचपत छातीशी धरले. "निदान हा तरी सुखरूप राहिला," त्या म्हणाल्या. मला लाज वाटली. इतकी माया मला कधीच मिळाली नव्हती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

मित्रांनो, जुने भांडे हाती आले तर पेटी वाचून थांबू नका. ते उलटे करा. खरी झीज जिथे टेकते तिथे होते, आणि ती सारखी नसते. माझे बूड नको तितके गुळगुळीत आहे, माझे सगळे ओरखडे एकाच दिशेला जातात, माझ्या झिलईतल्या साऱ्या बारीक भेगा काढ्याच्या एकाच रंगाच्या आहेत. मलाही एकदा उलटे करा आणि माझ्या कुंभाराचे नाव मला परत द्या.

फक्त शिगेबाई आहेत तोवर थांबा.