ज्वरमुक्त

"रुग्ण ज्वरमुक्त. टायफॉइडचे उपचार पूर्ण झाले आहेत. आजार उलटल्याचे लक्षण नाही. पालकांनी अनावश्यक भीती बाळगू नये."

ऋजुताच्या केसपेपरावरील इंग्रजी मजकुराचे हे माझे भाषांतर. ऋजुता ही माझ्या धाकट्या भावाची, मधुसूदनची, सहा वर्षांची मुलगी. मी विद्यापीठात इतिहास शिकवते आणि निजामी दफ्तरातले कागद वाचण्यात डोळे घालवून बसले आहे. त्यामुळे अधिकृत विधान समोर आले की ते कुठे उभे राहून केले गेले, हे मी आधी पाहते.

ज्वरमुक्त, हे ठीक, पण कुठे? डॉक्टरांच्या टेबलासमोर. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी दुपार कलली की याच मुलीच्या अंगाला हात लाववत नसे. लक्षण नाही, म्हणजे त्यांना दिसले नाही. न दिसणे आणि नसणे यांतले अंतर ओलांडायला विद्वानाला फार वेळ लागत नाही. राहिली भीती. ती आवश्यक की अनावश्यक हे ठरवण्याचा अधिकार, ज्याच्या घरी कुणी तापलेले नव्हते, त्याने आपल्याकडे घेतला होता. आणि खड्डेमुक्त, टँकरमुक्त म्हणवणाऱ्या या शहरात 'मुक्त' हा शब्द तसाही सढळ हाताने वापरला जातो.

गोळ्यांचा क्रम संपला, मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारू लागली, आणि मग ताप परत आला. तेव्हापासून घराला एकच काम उरले. पट्टी भिजवायची, पिळायची, कपाळावर ठेवायची, गरम झाली की उलटायची. टँकरचे पाणी उकळायचे, गाळायचे, पुन्हा उकळायचे. मऊ भात करायचा आणि तो तसाच उचलून ठेवायचा. ताप फारच चढला तर द्यायला डॉक्टरांनी एक गुलाबी, गोड औषध लिहून दिले होते. ते घेतले की घाम फुटे, मुलगी थोडा वेळ माणसात येई आणि मग पुन्हा थडथड उडू लागे. माझी भावजय दमयंती बसल्या बसल्या झोपायला शिकली होती. तिचा एक हात झोपेतही मुलीच्या पोटावर असे.

दवाखान्यात मात्र पारा शहाण्यासारखा वागे. दमयंतीने सकाळची वेळ बदलून मुद्दाम संध्याकाळची घेतली, ताप ऐन भरात असतानाची. तरीही मुलगी तिथे घामेजलेली, थंडगार.

"दुपारी एकशे तीनच्या वर होता, डॉक्टर," दमयंती म्हणाली.

"तुमचा थर्मामीटर बदला."

"हा दुसरा घेतलाय."

"दोन्ही तुमच्याच तालमीत तयार झालेले दिसतात," डॉक्टर हसले. "ताई, मुलीला ताप नाही. तुमच्या मनातल्या तापावर माझ्याकडे औषध नाही."

रक्त तपासावे, असे ती चाचरत म्हणाली. त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली होती. घरी मधुसूदनने निकाल कायम केला: "एवढा मोठा डॉक्टर नाही म्हणतोय, म्हणजे नाही."

त्या दिवशी स्वयंपाकघरात दमयंतीने मला विचारले, "वन्सं, माझाच हात गरम असतो का हो?" आणि आपला तळवा माझ्या तळव्यावर ठेवला. तो गार होता. मुलीच्या आजारापेक्षा मला त्या प्रश्नाचा अधिक संताप आला. आईला स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नाही, की त्या मुलीच्या बाजूने बोलणारे कोणीच उरणार नव्हते.

आमचे वडील, अण्णा, या काळात नातीला क्षणभर सोडत नव्हते. साहेबापुढे कागद मांडणारे अनंतराव पेशकार म्हणून पैठण तालुक्यात ते अजून ओळखले जातात. नोकरी निजामाच्या कचेरीत लागली. पोलीस अ‍ॅक्शननंतर झेंडा बदलला, टेबल तेच राहिले. पाचोडला पटकीची साथ असताना साहेबांचा दौरा आला, तेव्हा गावातले आजारी अण्णांनी दिवसभरासाठी शेतातल्या गुरांच्या कोठ्यांत हलवले होते. साहेबांनी स्वच्छ गल्ल्या पाहिल्या आणि 'साथ ओसरली' असा शेरा मारला. ही हकीकत अण्णा जेवताना रंगवून सांगत. माझ्या अभ्यासाचा सगळा उद्योग असल्या शेऱ्यांची साले काढण्याचा. तरी ती ऐकून मीही हसत आले.

पुढच्या खेपेला मी सोबत गेले. दमयंती कोपऱ्यावर रिक्षा पाहायला गेली होती. आतल्या खोलीत अण्णांनी नातीचे अंग पुसले, वेणी घातली, पावडर लावली, इस्त्रीचा फ्रॉक चढवला. लग्नाला निघाल्यासारखी मुलगी बाहेर आली.

दवाखान्यात गर्दी होती आणि डॉक्टर नव्हते. "साब आपरेशन में हैं, मौशी, टाइम लगता," काउंटरवरचा माणूस म्हणाला. वेळ लागला. अण्णा सारखे घड्याळ पाहत होते. मला वाटले, त्यांची जेवणाची वेळ टळते आहे. बाहेर दिवे लागले. ऋजुताचे ओठ सुकले, ती आईच्या पदरात शिरली, मग तिचे दात वाजू लागले. डॉक्टर आले तेव्हा पारा एकशे चारला टेकला होता. या साऱ्या प्रकरणात त्यांच्या हातून रोगनिदानाला झालेली पहिली मदत म्हणजे त्यांना झालेला उशीर.

ते थर्मामीटर उजेडात फिरवत असताना ऋजुता हुडहुडत म्हणाली, "आजोबा, निघताना देता ते गोड औषध अजून एकदा द्या ना."

डॉक्टरांनी थर्मामीटर खाली ठेवला.

"निघताना औषध देत होतात?" डॉक्टरांनी दमयंतीला विचारले. हा प्रश्न त्यांनी आज प्रथमच विचारला.

"मी नाही," दमयंती म्हणाली, आणि तिने हळूहळू अण्णांकडे पाहिले. मग डॉक्टरांकडे वळून ती म्हणाली, "रक्त तपासा. आत्ता." या वेळी ती चाचरली नाही.

रक्त घेतले गेले, मुलीला दाखल करून सलाइन लावले. टायफॉइड उलटला होता. केसपेपरावरचा जुना शेरा डॉक्टरांनी खोडला नाही. तो लिहिला तेव्हा, त्यांच्या टेबलासमोर, खराच होता. क्षमा मागण्याचा रकाना त्या कागदावर नसतो.

बाहेरच्या बाकावर अण्णा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. इतका शांत आवाज मी स्वतःचा कधी ऐकला नव्हता. मी विचारले, "का?"

त्यांनी जे सांगितले ते शब्दशः देते. कागद साजरागोजरा करण्याची आमच्या घरातली परंपरा निदान इथे तरी थांबावी.

"व्हय, मीच देत होतो. दमयंती रिक्षा बघायला गेली की दोन चमचे. पहिल्या तापात दाखवायला नेलं, त्या दिवशी ते डॉक्टर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले, पोरगी एवढी तापेपर्यंत झोपा काढत होता का म्हणून. माझी हयात कचेरीत गेली, पद्मजा, असं मला कुणी बोललं नव्हतं. साहेबापुढं जाताना सगळं नीटनेटकं करून न्यायचं, मला तेवढंच येतं. आणि खरं सांगू? त्यांनी तपासून 'ताप नाही' म्हटलं, की मलाही ते खरं वाटायचं."