शेपटीच्या जागेवरचा अंगठा

मी एक म्हातारी मांजरी आहे, मित्रांनो. म्हातारी आणि फार दमलेली. माझे नाव बोनाग. आयर्लंडजवळच्या आमच्या मॅन बेटावर घरोघरी भाजतात त्या गोल, तांबूस पावाचे हे नाव. मी तशीच दिसते म्हणून व्हॉरी आजीने ते मला दिले. मला शेपूट नाही. तुटले नाही, जन्मापासूनच नाही. आमच्या जातीत असेच असते, आणि बेटावरच्या लोकांना त्याचा कोण अभिमान!

पील बंदराजवळ व्हॉरी आजी आणि इलियम आजोबा पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. तरुणपणी मी आजोबांची मासेमारीच्या जाळ्यांची खोली राखली. जाळी कुरतडणाऱ्या त्या प्राण्याचे नाव मी घेणार नाही. आमच्याकडे ते अशुभ. आम्ही 'लांबशेपट्या' म्हणतो. सशासारख्या उड्या मारून मी कितीतरी लांबशेपटे धरले. आजोबा म्हणायचे, "शेपूट नाही, पण तोरा बघा केवढा!"

पण कौतुकाची एक रीत होती, तिने मला बेजार केले. नवा पाहुणा आला की आजोबा मला टेबलावर उभी करायचे आणि शेपटीच्या जागी खळगा आहे तिथे अंगठा दाबायचे. "बघा, एक गाठसुद्धा नाही! अस्सल माल! दाबा की, लाजता काय?" पाहुणेही दाबायचे. कळ थेट मस्तकात जायची. मी गप्प राहायचे. मांजर गप्प राहिले की लोकांना वाटते, त्याला आवडते आहे.

वय झाले तसे मागचे पाय लटपटू लागले. गाद्यांवर घाण होऊ लागली. माझे मलाच कळायचे नाही. मग एका पाहुण्या बाईंनी अंगठा दाबला आणि मी त्यांना चावले.

"माजलीय ही!" आजोबा कडाडले. माझी रवानगी जाळ्यांच्या खोलीत झाली.

तिथे माझी लघवी अडली. आजी म्हणाली, "अरे इलियम, डॉक्टरकडे न्यायला हवं हिला."

"वेळ आहे की गं! काय घाई?"

हे आमच्या बेटाचे लाडके वाक्य. होडी गळो नाहीतर छप्पर, वेळ असतोच. माझ्याकडे मात्र तो उरला नव्हता. दुसऱ्या सकाळी मी उठलेच नाही, तेव्हा आजीने मला शालीत गुंडाळले. "तू बस तुझा वेळ कुरवाळत!" असे म्हणून ती निघाली. आजोबा टोपी विसरून मागे धावले.

जनावरांच्या डॉक्टर कॉर्लेटबाईंनी तुंबलेली लघवी काढून मला मोकळे केले. मग म्हणाल्या, "काका, हिच्या शेपटीबरोबर पाठीचा कणाही अपुरा राहिलाय. घाण होते तो माज नव्हे, तिला समजतच नाही. आणि तुम्ही अंगठा दाबता ना, तिथंच तिला सगळ्यात जास्त दुखतं."

"इतकी वर्षं?" आजोबांनी विचारले.

"इतकी वर्षं."



आता आजी रोज हलक्या हाताने पोट दाबून माझी लघवी काढते. पोट साफ राहावे म्हणून जेवणात उकडलेला भोपळा असतो. शी, मांजराचे ते खाणे आहे का? पण खाते. भांडायचे त्राण नाही.

परवा नवे पाहुणे आले. "बिनशेपटीची! बघू, बघू!" म्हणत एकाने हात पुढे केला. आजोबांनी सवयीने मला टेबलावर ठेवले. मी अंग चोरले, डोळे मिटले. पण अंगठा आलाच नाही. खळग्यावर आजोबांचा अख्खा तळवा आला, हलकाच, झाकण घातल्यासारखा.

"लांबूनच बघा हं," ते म्हणाले. "दुखतं तिला."

मित्रांनो, आम्हाला हे सांगता येत नाही. आमच्या वतीने कोणीतरी एवढेच म्हणावे, आणि वेळ असताना म्हणावे.