वॉच अँड वॉर्डचा

मला एक सांगा, वॉर्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? मी हन्ना, नगरच्या मिशन दवाखान्यात आया आहे. माझा सगळा जन्म वॉर्डात गेला. बायकांचा वॉर्ड, पुरुषांचा वॉर्ड, बाळंतिणींचा वॉर्ड. तेव्हा माझा गिदोन राहुरीकडच्या साखर कारखान्यात मुलाखत देऊन आला आणि म्हणाला, "आई, मला वॉच अँड वॉर्डमध्ये घेतलं. आधी तीन महिने पुण्याला ट्रेनिंग," तर मी काय समजायचं होतं? चूक माझी नाही. चूक असलीच तर त्या इंग्रजीची.

कारखान्याला दवाखाना असणार, दवाखान्याला वॉर्ड असणार, आणि रात्री पेशंटवर लक्ष ठेवायला माणूस लागणार. सरळ आहे की नाही? मी तिथल्या तिथं डोळे मिटून देवाचे आभार मानले. बहात्तर सालचा दुष्काळ होता. मॅट्रिक झालेली पोरं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. गिदोनचे वडील गेल्यावर मी या पोराला कसं शिकवलं ते माझं मला माहीत. त्याच्या हातात घण बघायची वेळ येते की काय, या धास्तीत माझे दिवस जात होते.

सावेडीत आम्ही राहतो तिथं शेजारी बायडाबाई आहे, म्हशीवाली. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "वाच म्हंजी घड्याळ की गं! कारखान्याचा भोंगा टायमावर वाजाया नगं व्हय? पोरगं घड्याळजी झालं तुझं. माझ्या भावाचं बंद पडलंया, दाखवू का त्याला?"

"बायडे, वॉर्ड कुठं गेला मग?"

"त्यो घड्याळाचा आसंल काय तरी," ती म्हणाली आणि धार काढायला निघून गेली.

आणि माझे सासरे! कृपादान त्यांचं नाव. वय झालेलं, एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं सोयीचं तेवढं येतं. त्यांनी वॉर्ड ऐकलं ते थेट नगरपालिकेचं. "उभा राह्यला व्हय? निशानी काय घेतली?" म्हणून विचारायला लागले. मी ओरडून सांगितलं, "मामा, निवडणूक नाही, नोकरी!" तर म्हणतात कसे, "निवडून आल्यावर नोकरी कशाला लागती?" घ्या!

या सगळ्यात गिदोन गालातल्या गालात हसत होता. मला वाटलं, पोरगं लाजतंय. रविवारी मी चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिली, की देवानं माझ्या मुलाला रोग्यांच्या सेवेत घेतलं. मेट्रनबाईंनी पांढरं ड्रिलचं कापड दिलं. मी त्याचे दोन डगले शिवून घेतले, नीळ घालून, कडक इस्त्री करून.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याची ट्रंक भरत होते. डगले वरच ठेवले. त्यानं ते हळूच बाहेर काढले.

"आई, हे नको. तिकडं खाकी असते."

"दवाखान्यात खाकी?"

"दवाखाना कुठला, आई?"

"मग वॉर्ड कसला?"

तो खाली बघायला लागला. "वॉच म्हणजे पहारा. आणि वॉर्ड म्हणजे... राखणच."

"दोन्हीचा अर्थ एकच? मग शब्द दोन कशाला? एक मला फसवायला ठेवला होता काय?" मी म्हटलं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे फाटकावर काठी घेऊन उभं राहायचं? गिद्या, येसकर होणार तू?"

हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. तिसगावकडच्या आमच्या गावात येसकरकी आमच्या घराण्याकडं होती. काठी घेऊन वेशीत उभं राहायचं, पाहुण्यांची वर्दी पाटलाच्या वाड्यावर न्यायची, संध्याकाळी दारोदार हाळी देऊन भाकरी मागायची. सगळ्या गावाची राखण करायची आणि बसायचं मात्र वेशीबाहेर. माझ्या सासऱ्यांनी जवानीत बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी ती काठी वेशीला टेकवली, ती पुन्हा उचलली नाही. या गोष्टीचा मला केवढा अभिमान! माहेरी सांगायचे, सोयऱ्यांत सांगायचे. आणि आता नातू तीच काठी घ्यायला ट्रेनिंगला निघाला होता.

"तसं नाही गं आई," गिदोन समजवायला लागला. "हे शिक्षण आहे. आग लागली तर काय करायचं, बोटांचे ठसे कसे घ्यायचे, साखरेची पोती कुठल्या वाटेनं गायब होतात, वजनकाट्यावर कशी फसवाफसवी चालते. चोर पकडणं ही पुढची गोष्ट. चोरी होऊच द्यायची नाही, नुकसान व्हायच्या आधीच थांबवायचं, याचं शास्त्र असतं. आधी वॉचमन, मग जमादार, मग इन्स्पेक्टर. आमचे सिक्युरिटी ऑफिसर जीपमधून फिरतात."

"चोर हाकलायला शाळा? मग कुत्र्यालाही मॅट्रिक करा की!"

मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. म्हटलं, यावर न्याय करायचा तर एकच माणूस करू शकतो. मी सासऱ्यांपुढं गेले आणि त्यांच्या चांगल्या कानात सगळं ओरडून सांगितलं. म्हटलं, मामा, तुम्ही टाकलेली काठी हा उचलतोय, तुम्हीच सांगा याला चार शब्द.

त्यांना समजायला वेळ लागला. आधी नगरपालिका डोक्यातून जाईना. मग चेहरा बदलला. गिदोनला जवळ बसवून विचारलं, "आत येनाऱ्याला आडवायचं का भाईर जानाऱ्याला?"

"दोघांनाबी, आबा."

"कुनाला बी?"

"कुणालाबी. पास नसला तर चेअरमनच्या पाहुण्यालाबी थांबवायचं, नियमच आहे."

"आनि भाकर मागाया जावं लागतं का?"

"नाही आबा. पगार असतो. पेन्शनबी म्हणतात."

म्हातारा हसायलाच लागला. हसता हसता ठसका लागला, मी पाणी आणलं. पाणी पिऊन म्हणाले, "जाऊ दे त्याला."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मामा, अहो राखणदारी आहे ती!"

"व्हय, कळलं मला. म्या येशीत उबा राह्यचो, पर आडवलं कदी कुनाला न्हाई. आडवायचं मलाच सगळ्यांनी. जाऊ दे पोरी त्याला."

माझं डोकंच चालेना. ज्यांनी काठी टाकली तेच म्हणतात जाऊ दे, आणि जिनं काठी कधी बघितलीसुद्धा नाही ती मी रडतेय. यातलं शहाणं कोण? गिदोन पुण्याला गेला. मी स्टँडवर सोडायला गेले नाही. घरी बसून त्याच्या डगल्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत बसले, वेड्यासारखी. दवाखान्यात कुणी विचारलं तर सांगायचे, "वॉर्डात आहे." खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

नाताळच्या आधी मेट्रनबाईंनी मला बोलावलं. पुरुषांच्या वॉर्डात वॉर्डबॉयची जागा निघाली होती. "तुझ्या मुलाला आण. तिकडं अनुभव झालाच असेल," त्या म्हणाल्या. मी काय सांगणार? पण मनात उड्या मारल्या. तेव्हा त्याचं ट्रेनिंग संपून तो कारखान्याच्या गेटवर लागला होता. म्हटलं, आजच जाते आणि कान धरून घेऊन येते. पिशवीत दोन्ही डगले घेतले, भाकरी-ठेचा घेतला आणि राहुरीची एस.टी. पकडली.

कारखान्याच्या गेटपाशी उसाच्या बैलगाड्यांची ही लांब रांग. मळीचा तो वास. आणि गेटात माझा गिदोन. खाकी कपडे, पट्टा, टोपी, शिट्टी, हातात आखूड दंडुका. आधी ओळखलाच नाही. खरं सांगते, रुबाबदार दिसत होता, आणि तो रुबाबदार दिसतोय याचाच मला राग आला.

"आई!" म्हणून तो पुढं झेपावला. मग एकदम थांबला. मागं बघितलं, पुढं बघितलं, आणि म्हणाला, "पास आहे?"

"पास? पास तू झालास ना? मी कशाला होऊ?"

गाडीवाले फिदीफिदी हसायला लागले. गिदोनचे कान लाल झाले. "आई, आत जायचा पास. तो असल्याशिवाय सोडता येत नाही. भोंगा झाला की माझी ड्युटी सुटते. तोवर त्या लिंबाच्या पारावर बस."

"मला? बाहेर बसू?"

"बस ना गं, आई."

बसले. काय करणार? पण जीव असा जळत होता म्हणून सांगू! माझा सासरा वेशीबाहेर बसला, आता मी बसले, आणि बसवणारा कोण, तर पोटचा पोरगा. ठरवलं, भोंगा झाला की याच्या अंगावर हे डगले फेकायचे आणि म्हणायचं, चल घरी.

तेवढ्यात धुरळा उडवत एक पांढरी अँबेसडर आली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. गाड्या बाजूला झाल्या. गिदोन मात्र हात आडवा करून मध्येच उभा. ड्रायव्हर ओरडला, "ए, चेअरमनचे व्याही आहेत आत!"

"पास बघू."

मागची काच खाली झाली आणि आतला चेहरा दिसला. आप्पासाहेब! आमच्या गावचे पाटील. ज्यांच्या वाड्यावर माझा सासरा वर्दी घेऊन जायचा आणि पायरीखाली उभा राहायचा, ते. पाटलांनी गिदोनला खालून वर न्याहाळलं. "तोंडवळा वळखीचा दिसतूय. कोनाचा रं तू?"

हा प्रश्न तुम्हाला साधा वाटेल. आमच्या गावात एवढं विचारलं की माणसाची जागा ठरते. कुठं उभं राहायचं, कुठं बसायचं, कुणाशी किती बोलायचं, सगळं त्या उत्तरात येतं. आता हा म्हणणार, कृपादानचा नातू. आणि मग ते हसून म्हणणार, आरं, आपल्या येसकराचा की! संपलं मग खाकी आणि संपला पट्टा.

गिदोन ताठ उभा राहून म्हणाला, "वॉच अँड वॉर्डचा, साहेब. डिकी उघडा."

पाटलांनी कानामागं हात नेला. "वाड्याचा? कोन्या वाड्याचा?"

"वॉच अँड वॉर्डचा."

"आसं, आसं." पाटील गडबडले. कुठल्या तरी मोठ्या वाड्यावरचं पोरगं आहे असं त्यांनी धरलं असावं. दार उघडून खाली उतरले, धोतर सावरलं आणि ड्रायव्हरवर खेकसले, "आरं उघड की डिकी! वाड्यावरचे हायेत त्ये." मग गिदोनला म्हणाले, "तुमी बघा, तुमी बघा. आमी थांबतो."

तुमी! मी पारावर बसल्या बसल्या तोंडात पदर कोंबला. हसू येत होतं का रडू, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच येत होतं.

डिकीत स्टेपनी आणि डाळिंबाची करंडी. तरी पास नव्हताच. गिदोननं आत फोन लावायला माणूस धाडला आणि पाटलांना म्हणाला, "साहेब, आतून निरोप येईपर्यंत त्या पारावर बसा." शब्द अगदी तेच, मला म्हणाला होता ते. आवाजही तोच. ना मला कमी, ना त्यांना जास्त.

पाटील आले. मी सवयीनं उठायला लागले. सवय म्हणजे काय असते बघा, त्या गावात मी सून म्हणून चारदोन वर्षंच राहिले असेन. तर तेच म्हणाले, "बसा की बाई. हितं सगळ्यांनाच बसवत्यात." आणि माझ्या शेजारी बसले. माझी पिशवी मध्ये होती. ती मी मांडीवर घेतली, त्यांना जागा व्हावी म्हणून.

आतून निरोप आला, पाटलांची गाडी आत गेली. मग भोंगा झाल्यावर गिदोन आला. भाकरी खाल्ली. "आई, रागावलीस?" म्हणाला. मी म्हटलं, "ठेचा तिखट झालाय का बघ." वॉर्डबॉयच्या जागेचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. का नाही निघाला, तेही मला सांगता येत नाही. डगले घेऊन गेले होते तसेच परत आणले.

घरी सासरे वाटच बघत होते. "भेटलं का पोरगं?"

"भेटला. मला अडवलं त्यानं, मामा. सख्ख्या आईला!"

"तुला बी?" त्यांचे डोळे चमकले. "मंग शिकला म्हनायचा."

मग मी त्यांच्या कानापाशी बसून पाटलांचं सांगितलं. गाडी, डिकी, वाडा, तुमी, सगळं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आप्पासायेब कुठं बसलं म्हनलीस?"

"बाहेर. लिंबाखाली."

"आनि तू?"

"शेजारी."

त्यांनी मान हलवली. उपरण्यानं डोळे पुसले. थोड्या वेळानं पुन्हा माझ्याकडं कान केला, "कुठं बसलं म्हनलीस?"

त्यांना ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी पुन्हा सांगितलं.