तीन खड्ड्यांचा ग्लोव्ह

बेसबॉल संघाच्या लाकडी पेटीत बॅटी नऊ, चेंडू बावीस, गुडघ्यांच्या पॅडची जोडी एक, जाळीचा मुखवटा एक आणि कॅचरचा ग्लोव्ह एकच. तो मी. मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह आहे, आणि माझ्या आयुष्यातली एक गोष्ट मला अजून नीट कळलेली नाही.

मी बैलाच्या जाड चामड्याचा. मिनेसोटातल्या एल्क फोर्ड गावच्या संघात चौदा वर्षे रूडी स्टँगच्या डाव्या हातात राहिलो. तो फलंदाजामागे उकिडवा बसे. पिचरने फेकलेला चेंडू माझ्या खळग्यात 'फट्' वाजे आणि लोक म्हणत, "काय ग्लोव्ह आहे!" मग रूडीचे गुडघे गेले. हंगामाला तेवीस दिवस उरले होते आणि संघाला कॅचर नव्हता.

आमच्या गावात हा ग्लोव्ह माणसाचा नसतो, संघाचा असतो. म्हणून नवा कॅचर निवडायला मॅनेजर हाउगेन यांनी मला एक आठवडा संघातल्या क्लेटनकडे दिले, दुसरा आठवडा नॉर्मनकडे. क्लेटनने मला मऊ करायला दाढीचा फेस चोळला, अंगठ्याजवळ चेंडू बांधला आणि गादीखाली दाबून ठेवले. नॉर्मनने गरम पाण्यात भिजवले आणि करंगळीच्या बाजूला लाकडी हातोडीने ठोकले. नॉर्मन चौतीस वर्षांचा. त्यातली सात बाकावर बसून काढलेली.

ठोकता ठोकता तो बायकोला म्हणाला, "या वर्षी नाही जमलं ना, तर बूट कुणाला तरी देऊन टाकीन."

"घेणार कोण? वास बघ त्यांचा!"

चाचणीच्या दिवशी शंभर चेंडूंपैकी क्लेटनकडून अकरा निसटले, नॉर्मनकडून चौदा.

"हातांना लोणी लावून आलात का रे दोघं?" हाउगेन ओरडले. "शेजारच्या गावातून आणतो आता कॅचर!"

नॉर्मन मान खाली घालून माझ्याकडे बघत राहिला. चूक त्याची की माझी? चेंडू आला की कोणता आकार धरायचा, हेच मला सुचत नव्हते.

रूडी लंगडत आला आणि त्याने माझ्यात हात घातला. "अहो मॅनेजर, याला तीन खड्डे पडलेत. एक माझा, एक क्लेटनचा, एक नॉर्मनचा. चेंडू मधल्या उंचवट्यावर आपटून उडतोय. तुम्ही माणसं तपासताय की चामडं?"

"मग आता काय करू?"

"एकाच्याच हातात राहू दे. कुणाच्याही."

हाउगेन यांनी नाणे उडवले. मी नॉर्मनकडे गेलो.

"वा! घाम गाळला आम्ही, आणि ठरवलं नाण्यानं," क्लेटन म्हणाला आणि मुखवटा पेटीत टाकून निघून गेला.

पुढचे आठ दिवस नॉर्मनने रोज दोनशे चेंडू झेलले. बाकीचे दोन खड्डे हळूहळू भरत गेले. हेच आठ दिवस क्लेटनला मिळाले असते तर? मला ठाऊक नाही. नॉर्मन सुधारला की मी, तेही सांगता येत नाही. मित्रांनो, एवढेच मागतो: आमच्यासारख्या वस्तूंना दोष देण्याआधी त्यांना एका हाताची सवय होऊ द्या.

रविवारी पहिला सामना झाला. नऊ डावांत एकशे अठरा चेंडू माझ्याकडे आले. निसटले तीन.