गुरुवारची बाई

नॉर्माचं कधी चुकत नाही. चुकलंच तर ते गाडीचं चुकतं, हवेचं चुकतं, नाहीतर माझं. सगळी नोकरी तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. शेकडो पोरांना एका आवाजात गप्प बसवायची तिला सवय. निवृत्तीनंतर तो आवाज ऐकायला तिचा नवरा आणि मी, एवढेच उरलो. मी डेल्फिना. कियावारी गावात कमानींखाली माझं बटणं, दोरे आणि लेसचं दुकान आहे, आणि नॉर्मा त्याच्याच वरच्या मजल्यावर राहते.

ऑगस्टमध्ये दुकान बंद होतं. नॉर्माचा नवरा भावाकडे डोंगरात गेला होता. रविवारी सकाळी ती परातीएवढी गवती टोपी घालून माझ्या दारात उभी.

"ऊठ. आज समुद्रकाठची सगळी गावं बघायची."

"अगं, आपण समुद्रकाठीच राहतो."

"म्हणूनच बघितली नाहीत. जर्मनीहून माणसं येऊन बघून जातात. तू पोर्तोफिनोला शेवटची कधी गेलीस?"

"मावशीच्या लग्नात."

"मावशी वारली. चल."

गाडीने निघालो आणि आधी झोआलीला उतरलो. नॉर्माने रेल्वेचा पूल बघितला, पुलाखालची वाळू बघितली आणि "झालं बघून" म्हणाली. रापालोत कॉफी घेतली. तिथला पाण्यातला किल्ला तिला चित्रात मोठा वाटला होता, त्यामुळे ती बराच वेळ किल्ल्यावर रागावून होती. सांता मार्गेरिता परतताना करू असं ठरलं, आणि ऊन चांगलं तापल्यावर आम्ही कामोलीच्या धक्क्यावर पोचलो. हातात चीज घातलेला गरम फोकाच्चा पाव, बोटांवरून तेल ओघळतंय, आणि समोर सान फ्रुत्तुओसोच्या मठाकडे जाणाऱ्या बोटीची रांग. ती रांग पार चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती.

"एवढ्या उन्हात मी उभी राहणार नाही," नॉर्मा म्हणाली. "ती बघ पलीकडची पांढरी बोट. तिला रांगच नाही."

"पण ती तिकडेच जाते का? विचारू या का कुणाला?"

"विचारायचं काय त्यात? बोट समुद्रातून जाणार. मठ समुद्रावर आहे."

"आणि तिकीट?"

"वर देतील. चढ."

पांढरा सदरा घातलेल्या एका माणसाने आम्हाला हात दिला. नॉर्माकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जरासा थबकला आणि हळू आवाजात म्हणाला, "या, या. बरं झालं आलात." लोकांनी सरकून आम्हाला पुढची, सावलीतली जागा करून दिली.

"बघ," नॉर्मा माझ्या कानात म्हणाली, "आणि तू म्हणतेस कामोलीची माणसं तुसडी."

मला मात्र कसंतरीच वाटायला लागलं होतं. बोटीवर एकही मूल रडत नव्हतं. कुणाजवळ टॉवेल नव्हता, छत्री नव्हती, हवा भरलेली मगर नव्हती. सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. पलीकडची एक बाई रुमालाने डोळे टिपत होती.

"बोट लागत असेल तिला," नॉर्मा म्हणाली.

बोट अजून धक्क्याला बांधलेली होती.

मग सुटली. गाव मागे पडलं, रंगीत घरं लहान लहान होत गेली, वारा सुटला आणि नॉर्माला बोलायची हुक्की आली. शेजारी पन्नाशीची एक बाई मांडीवर निळ्या रुमालात बांधलेला गोल डबा धरून बसली होती. दोन्ही हातांनी, सांडू नये असा.

"घरून डबा आणलात ते उत्तम केलंत," नॉर्मा तिला म्हणाली. "बाहेरच्या खाण्याचं काही खरं नाही. काय केलंय?"

बाईने शांतपणे तिच्याकडे बघितलं. "बाबा आहेत," ती म्हणाली.

माझा फोकाच्चा घशात अडकला. पाठीवर थापा मारायला तीन माणसं धावली.

"नॉर्मा," बोलता येऊ लागल्यावर मी कुजबुजले, "हे लोक रक्षा सोडायला निघालेत!"

"मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग चढलीस कशाला?"

"हळू बोल. लोक दुःखात आहेत."

मी उठून त्या बाईची क्षमा मागणार, एवढ्यात तिनेच माझा हात धरला. "मी क्लेलिया. अमेदेओंची मुलगी. तुम्हाला हात दिला ना, तो माझा भाऊ, फुल्व्हिओ. चर्चमध्ये आम्ही तुमची वाट बघितली. वाटलं, नाही येणार." मग ती जरा अडखळली. आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "तुमच्यापैकी गुरुवारच्या कोण?"

"गुरुवारच्या?" मी विचारलं.

"आई गेल्यानंतर बाबा दर गुरुवारी सांता मार्गेरिताला जायचे. गुळगुळीत दाढी करून, गळ घेऊन. मासे धरायला जातो म्हणायचे. एकदाही मासा आणला नाही. पण परत यायचे ते शीळ घालत, आणि अंगाला अत्तराचा घमघमाट. आम्ही कधी विचारलं नाही. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला उगीच लाज वाटायला नको."

मी नॉर्माकडे बघितलं. तिने टोपी सारखी केली.

"ही," ती म्हणाली आणि बोटाने मला दाखवलं. "मी नुसती सोबत आलेय."

सगळी बोट वळून माझ्याकडे बघायला लागली. एका मिशीवाल्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवून पसंती दिली. मी लग्न केलेलं नाही. जन्मभर बटणं मोजत आले, माझ्याबद्दल कियावारीत कुणी चकार शब्द काढला नाही. आज पहिल्यांदाच माझ्यावर कुणी असला संशय घेत होतं, आणि खरं सांगते, क्षणभर मला तो आवडला. म्हणून तोंड उघडायला मला उशीर झाला. तेवढ्यात क्लेलियाने मला मिठी मारली होती.

"बाबा आनंदात होते ना हो?" तिने माझ्या खांद्यावरून विचारलं.

"खूप!" नॉर्मा म्हणाली. "फुलासारखं जपलं हिने त्यांना."

मी तिच्या पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही, ती जाड तळव्याचे बूट घालून आली होती.

मठाच्या खाडीच्या अलीकडे बोटीचं इंजिन बंद झालं. एकदम शांत झालं, नुसतं पाणी बोटीला चापट्या मारत होतं. फुल्व्हिओ माझ्याजवळ आला. "तुम्ही दोन शब्द बोललात तर आम्हाला बरं वाटेल," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. त्या डोळ्यांकडे बघून खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. मी उभी राहिले.

"मी अमेदेओंना ओळखत नाही," मी म्हणाले.

"खरंय!" मिशीवाले काका गहिवरून म्हणाले. "कोण कुणाला ओळखतं शेवटी!"

"तसं नाही. मी त्यांना कधी बघितलंच नाही. आम्हाला मठाकडे जायचं होतं. आम्ही चुकून या बोटीत चढलो. कियावारीत माझं बटणांचं दुकान आहे आणि गुरुवारी तर मला मान वर करायलाही फुरसत नसते. मला माफ करा."

डोक्यावर एक सीगल पक्षी ओरडत होता, तो मला हसतोय असं वाटलं. मग माझ्या मागून नॉर्माचा आवाज आला.

"बोटीवर पाटी लावायला काय होतं म्हणते मी?"

आधी फुल्व्हिओ हसला. हसू दाबायला गेला आणि नाकातून विचित्र आवाज काढत कठड्याला धरून वाकला. मग काका हसले, मग ती डोळे टिपणारी बाई. क्लेलिया मात्र हसली नाही. ती डबा छातीशी धरून उभी होती.

"मग ती कोण?" ती म्हणाली. "ती आलीच नाही?"

बोटीच्या मागच्या टोकाला काळ्या कपड्यांतली एक अगदी म्हातारी बाई बसली होती. तिने कानातलं यंत्र चाचपलं. "काय चाललंय? हसताय काय सगळे?"

"झेलिंदा आत्या," फुल्व्हिओ ओरडला, "या बाई म्हणजे ती बाई नाही!"

"कुठली बाई?"

"बाबांची! गुरुवारची!"

"गुरुवारी तो माझ्याकडे यायचा," आत्या म्हणाली.

"तुझ्याकडे? कशाला?"

आत्याने त्या निळ्या रुमालाकडे बघितलं, त्याची परवानगी मागावी तसं. मग हात झटकला. "जाऊ दे. मेला आता, डॉक्टर काय करणार आहे त्याचं? मांदेली खायला यायचा. तळलेली. ताटभर. वर पांढरी वाइन. डॉक्टरने बंद केलं होतं ना त्याचं सगळं! आणि क्लेलिया, तू तर डॉक्टरपेक्षा वाईट. सकाळ-संध्याकाळ वाफवलेला मासा! माणूस होता की मांजर? मला शपथ घातली होती त्याने, पोरीला सांगू नकोस म्हणून."

"आणि अत्तर?" क्लेलियाने ओरडून विचारलं.

"माझंच! निघताना अर्धी बाटली अंगावर ओतून घ्यायचा. तळणाचा वास तुला आला असता!"

क्लेलिया मटकन खाली बसली. "मी केलेला मासा खाऊन 'छान झालाय' म्हणायचे," ती म्हणाली. "रोज म्हणायचे." हसत होती की रडत होती कळेना, दोन्ही एकदमच चाललं होतं. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, त्यांना कुणीतरी आहे. बरं वाटायचं मला त्याचं."

ते आत्याला कसं ऐकू गेलं कोण जाणे. "मी होते की!" ती म्हणाली.

क्लेलिया उठून तिच्याजवळ गेली. दोघींनी मिळून रुमालाची गाठ सोडली. नॉर्माने टोपी काढली आणि माझा हात घट्ट धरला. कधीही न बघितलेल्या त्या माणसासाठी माझे डोळे भरून आले, आणि नॉर्मा तर हुंदके देत होती, सख्खा भाऊ गेल्यासारखी.

परत धक्क्यावर सोडा म्हटलं, तर फुल्व्हिओ ऐकेना. "जेवल्याशिवाय जायचं नाही," म्हणाला. बोट तशीच पुढे गेली. पोर्तोफिनो आम्ही बोटीतूनच, जाता जाता बघितलं. सांता मार्गेरितात आत्याचं घर बंदराच्या वर होतं. तिने काळ्या कपड्यांवरच एप्रन बांधला आणि कढई चढवली.

तिथे नॉर्माला तिच्या तोडीचं माणूस भेटलं. "मांदेलीला रवा लावायचा," नॉर्मा म्हणाली. "पीठ!" आत्या म्हणाली. "शाळेत मी शेकडो पोरांना..." नॉर्माने आवाज चढवला. आत्याने शांतपणे कानातलं यंत्र काढून एप्रनच्या खिशात टाकलं आणि मासे पिठात घोळवायला घेतले. त्यानंतर नॉर्मा कितीतरी वेळ बोलत होती, पण कढईत रवा काही गेला नाही.

ओट्याशी क्लेलिया उभी होती. आत्याने पहिला मासा तिच्या हातावर ठेवला. तिने फुंकर घालून तो शेपटीसकट खाल्ला आणि हात पुढे करून दुसरा मागितला. मग माझ्याजवळ येऊन, बोटं चाटत, तिने दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही खरंच ओळखत नव्हता ना त्यांना? आता सांगितलंत तरी चालेल."

"खरंच नाही हो."

"ओळख व्हायला हवी होती," ती म्हणाली. "तुम्ही आवडला असता त्यांना."

मी आणखी एक मासा घेतला.

सप्टेंबरमध्ये अमेदेओंच्या नावाने कामोलीच्या चर्चमध्ये प्रार्थना होती. क्लेलियाने फोन करून आम्हा दोघींना बोलावलं. आम्ही गेलो, आणि तिने आग्रहाने मला घरच्यांच्या ओळीत, अगदी पहिल्या बाकावर बसवलं. मागे गावातल्या बायकांची कुजबुज सुरू झाली. नॉर्मा वळून त्यांना खरं काय ते सांगणार होती, पण मी तिचा दंड धरला.

"राहू दे गं," मी म्हणाले आणि पाठ ताठ करून बसले.