बिनपट्ट्याचा

“बाई, शेपूट मोडल्याशिवाय आता गत्यंतर नाही,” नव्या मॅडम म्हणाल्या. “जातींची यादी छापायला जायची आहे. नुसत्या पंखांवर किती दिवस भरवसा ठेवायचा?”

टाचणीबाईंनी चष्मा पुसला. संग्रहालयात छत्तीस वर्षं दिव्यावरचे पतंग टाचता टाचता त्यांचं खरं नाव मागे पडलं होतं. दोन जातींचे पंख अगदी सारखे असले, तरी शेपटाच्या टोकातले हुकासारखे बारीक आकडे वेगळे असतात. ते टोक मोडून क्षारात उकळायचं आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघायचं. हे काम त्यांच्याच हातचं. शेकडो शेपटं मोडली, पण या एकाला कधी हात लावला नव्हता.

पंखांवर पांढरा पट्टा असलेल्या तपकिरी पतंगाला विभागात सगळे ‘पट्टेवाला’ म्हणत. हा त्याच्याच भावकीतला, पण बिनपट्ट्याचा. जगात एकच. त्याला स्वतंत्र खण होता.

“आमच्याच घरचा निघायचा हो बाई!” दारातला शिपाई हसला. “सगळे पट्टेवाले एका माळेचे मणी!”

बाई हसल्या नाहीत.

तो पतंग फार वर्षांपूर्वी बाईंच्या धाकट्या बहिणीनं मुठीत धरून आणला होता. बाटली घरीच विसरली होती वेंधळी. “ताई, बघ, याला पट्टाच नाही!” तिनं मूठ उघडली, तेव्हा तळहातावर पांढरी पूड होती. पतंगाचा रंग म्हणजे नुसती पूड. घासली की पंख कोरा. ताईला तेव्हाच कळलं. पण धाकटी चिठ्ठीवर तारीख आणि आपलं नाव लिहून फुंकरीनं शाई वाळवत होती. उद्या सांगू, असं ताईनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी धाकटी तापानं फणफणली आणि आठवड्यात गेली. मग ताईनं तिच्या चिठ्ठीखाली दुसरी टोचली : ‘वेगळी जात. एकमेव नमुना.’

चिमट्याखाली शेपटाचं टोक वाळल्या पानासारखं तुटलं.

ते उकळून काचेवर घेतल्यावर दुर्बिणीत दोन आकडे दिसले. टोकाशी करवतीसारखे दाते, पट्टेवाल्याचे असतात तसेच. बाईंनी काच सरकवून पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसून पाहिलं. मॅडमची नजर अजून या कामाला सरावली नव्हती. बाई म्हणतील तीच पूर्व दिशा होती. एक शब्द फिरवला असता, तर धाकटी नावानिशी छापील यादीत कायमची राहिली असती.

“काय निघालं?”

“पट्टेवालाच.”

“मग इतकी वर्षं...?”

“पूड झडली होती. मला दिसलं होतं. मी बोलले नाही.”

मॅडमनी यादीतली ती ओळ खोडली. “असू द्या. जुन्या चिठ्ठ्या काढून टाका आता.”

“चिठ्ठी काढायची नसते, मॅडम. चुकलेलीसुद्धा. खाली नवी लावायची.”

बाईंनी नवी चिठ्ठी लिहिली, धाकटीच्या अक्षराखाली आपली जुनी चूक, तिच्याखाली ही. मग दोनशे बारा पट्टेवाल्यांच्या खणात शेवटच्या रांगेत त्याला टाचलं. काच लावल्यावर चिठ्ठ्या दिसेनाशा झाल्या. तुटक्या शेपटाचा तेवढा ओळखू येत होता.

“आणि हा रिकामा कुणाला द्यायचा, बाई?” शिपायानं दुसरा खण उचलून विचारलं.

पांढऱ्या कागदावर मधोमध टाचणीचं एक भोक होतं.

“दे कुणालाही,” बाई म्हणाल्या. “कागद तेवढा बदल.”